चाळकेवाडीच्या कड्यावर बिनमोटरचं जेट उडवायचंय, किरण बांधू की मिग-२१?

कृष्णाकाठ_विमान

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. मोटरवाली फोमची ट्रेनर विमानं नीट उडवता येतात, एलेरॉन (पंखावरच्या हलत्या पट्ट्या, विमान कुशीवर वळवणाऱ्या) आणि एलिव्हेटर (शेपटीवरची पट्टी, नाक वर-खाली करणारी) यांवर हात बसलाय, लँडिंगपण बऱ्यापैकी जमतं. आता डोक्यात घुसलंय ते पॉवर स्केल सोअरिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिसायला हुबेहूब जेट पण आत ना टर्बाइन ना डक्टेड फॅन ना मोटर, फक्त रिमोटचा रिसीव्हर, बॅटरी आणि पट्ट्या हलवणारे छोटे सर्वो, आणि डोंगराला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर विमान उडत राहतं. ब्रिटनमध्ये याचे जुने शौकीन आहेत, त्यांची असोसिएशन आहे, वेल्समध्ये लँडुड्नोला ग्रेट ऑर्म नावाचा समुद्रालगतचा डोंगर आहे तिथे जमतात. तिथले व्हिडिओ बघितल्यापासून दुसरं काही सुचत नाही, हंटर जेटचं मॉडेल डोळ्यासमोरून आडवं जातं आणि आवाज काय तर नुसता हवा कापल्याचा.

आता आपल्याकडे डोंगराला आणि वाऱ्याला काय तोटा आहे? सज्जनगड, ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्याच उभ्या केल्यात म्हणजे वारा आहेच. पण एक गोष्ट खटकते. सज्जनगडाच्या बाजूला घारी पंख न हलवता तरंगताना दिसतात आणि पवनचक्क्यांच्या पट्ट्यात मात्र जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे तिथे वर चढणारी हवा नाही असं समजायचं का?

दुसरं, विमान कुठलं घ्यावं. आमचे थोरले चुलते एअर फोर्सात एअरफ्रेम फिटर होते, दुंडीगलच्या अकादमीत किरण या वैमानिकांना शिकवायच्या जेटवर त्यांनी बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे किरण बांधलं तर घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांना. पण मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं तेव्हापासून तेच डोळ्यासमोर आहे, आणि खरं सांगायचं तर मिगचा रुबाब किरणला नाही. तिसरं, बाल्सा परवडत नाही, थर्माकोलमध्ये होईल का. आणि चौथं म्हणजे पठारावर सगळा जांभा दगड, चाकं नसलेलं विमान तिथे उतरवायचं कसं, एका उतरण्यात पोट फाटायचं.

जाणकारांनी सविस्तर सांगावं, घाई नाही, उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे.

कडा_आणि_वारा

वा भावा, साताऱ्यातून कुणीतरी हा विषय काढला म्हणून फार बरं वाटलं.

आधी घारींचं, कारण तुझं निरीक्षण एकदम बरोबर आहे पण निष्कर्ष वेगळा आहे. चाळकेवाडीच्या त्याच पठारावर संशोधकांनी अभ्यास केला होता, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी नसलेल्या भागापेक्षा जवळपास चौपट कमी आढळले. म्हणजे घारी पवनचक्क्यांना टाळतात, हवा तिथेही चढतेच. त्यामुळे कड्यावर लिफ्ट, म्हणजे वर चढणारी हवा, आहे का हे घारीवरून ठरवायचं असेल तर पवनचक्क्यांपासून लांबच्या कड्यावरच बघ. आणि आपल्यालाही तिथेच जायचंय, कारण फिरत्या पात्यांच्या मागे हवा घुसळलेली असते, ती लांबवर तशीच जाते, आणि पात्यात विमान गेलं तर विमान तर जातंच पण दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान होतं ते वेगळं. पवनचक्की दिसते त्या बाजूला उडवायचंच नाही, हा नियम करून टाक.

घार नसेल तर वाळलेलं गवत मुठीत घे, कड्याच्या टोकाशी उभा राहा आणि छातीच्या उंचीवर सोड. गवत तुझ्या डोक्यावरून वर चढून मागे गेलं तर लिफ्ट चांगली. समोरून येऊन अंगाला चिकटलं तर वारा आहे पण तो सरळ येतोय, चढत नाही. आणि गवत गोल फिरून परत कड्याकडे गेलं तर तू रोटरमध्ये, म्हणजे उलट फिरणाऱ्या भोवऱ्यात, उभा आहेस, जागा बदल. जिथे कडा अगदी उभी ताशीव तुटलेली असते तिथे हे जास्त होतं, वारा टोकावर फाटतो आणि पठारावर भोवरे सोडतो. आपल्या सह्याद्रीच्या जांभ्याच्या पठारांचा हाच त्रास आहे, वर टेबल आणि कडेला एकदम भिंत. म्हणून उभ्या भिंतीपेक्षा जिथे गवताचा उतार गोलसर होत वर येतो अशी खांदाड जागा शोध, लिफ्ट थोडी कमी मिळेल पण स्वच्छ मिळेल आणि उतरायलापण जागा राहील.

आता बिनमोटरचं जेट उडतं कसं याचा हिशोब एकदा मांडतो म्हणजे विमान निवडायचा प्रश्न आपोआप सुटेल. समज तुझं मॉडेल सेकंदाला १५ मीटर वेगाने जातंय आणि दर १० मीटर पुढे जाताना १ मीटर खाली येतंय, म्हणजे ते सेकंदाला दीड मीटर बुडतंय. समोरून सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वारा आहे आणि उतार ३० अंशाचा आहे, तर उताराजवळ हवा सेकंदाला तीन-साडेतीन मीटरपर्यंत वर चढत असते. पुढे सरकलास की ती कमी होते, अर्धी धर. तरी दीडपेक्षा थोडी जास्तच राहते, म्हणजे विमान वर राहील, आणि काठाजवळ राहिलास तर उंची मिळवून डाइव्ह मारायलापण शिल्लक उरते. सगळा खेळ या दोन आकड्यांचा आहे, हवा चढते किती आणि आपलं मॉडेल बुडतं किती. वारा आपल्या हातात नाही, बुडणं आहे.

आणि म्हणूनच पहिल्या विमानाला मिग-२१ नको म्हणतो. रुबाबाबद्दल वाद नाही. खऱ्या मिग-२१ च्या पंखाचा विस्तार, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची रुंदी, ७.१५ मीटर आणि क्षेत्रफळ २३ चौरस मीटर, विस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ केलं की गुणोत्तर येतं २.२. किरणचा विस्तार १०.७ मीटर, क्षेत्रफळ १९, गुणोत्तर ६. एवढा आखूड त्रिकोणी डेल्टा पंख हळू उडताना आणि वळताना मागे खेचणारी प्रचंड ओढ तयार करतो, तेवढ्याच लिफ्ट कोइफिशंटला, म्हणजे पंखाने वेगाच्या मानाने तेवढंच उचलायचं म्हटलं तर, किरणच्या अडीचपटीहून जास्त, वळण घेतलं की वेग गेला आणि वेग गेला की उंची गेली. खऱ्या मिगच्या मागे भलंमोठं इंजिन होतं, तुझ्या मिगच्या मागे काही नाही. ताशी ४०-५० किलोमीटरचा वारा असेल आणि पायलट मुरलेला असेल तर मिगपण उडतं आणि काय दिसतं, पण ते दुसरं किंवा तिसरं मॉडेल म्हणून.

किरण म्हणजे सरळ पंख, पायलट शेजारी शेजारी बसतात म्हणून नाक रुंद, बॅटरी आणि तोल साधायचं शिसं ठेवायला ऐसपैस जागा. ब्रिटनमधली मंडळी त्यांचं शिकायचं जेट, जेट प्रोव्होस्ट, आवडीने बांधतात, आपलं किरण त्याच घाटणीचं. १९६४ ला पहिलं उड्डाण झालं, पुढे हवाई दलाच्या वैमानिकांच्या किती पिढ्या त्यावर शिकल्या, सूर्यकिरण टीमसुद्धा १९९६ ला किरणवरच सुरू झाली. शिकायचं विमान आहे ते, मॉडेल म्हणूनही शिकवतं. आणि घरात फिटर चुलते आहेत म्हटल्यावर मी तर दुसरा विचारच केला नसता, कुठलं पॅनल कुठे उघडतं हे त्यांच्याइतकं कुठल्याच ड्रॉइंगमध्ये मिळणार नाही.

१ ला ९ स्केल धर, म्हणजे खऱ्याच्या एक नवमांश. विस्तार ११९ सेंमी, लांबी ११८ सेंमी, पंखाचं क्षेत्रफळ साडेतेवीस चौरस डेसिमीटर. सगळं मिळून वजन ११०० ग्रॅममध्ये बसवलंस तर चौरस डेसिमीटरला ४७ ग्रॅम पडतात, ते छान आहे. पठार हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवा दहा टक्क्याच्या आसपास विरळ, तरी विमान साधारण ताशी ३५ किलोमीटरला स्टॉल होईल, म्हणजे त्याखाली पंख विमान उचलायचं सोडेल. तेच वजन १७०० ग्रॅम झालं तर स्टॉल ४३-४४ वर जातो, आणि उतरताना हे आठ-नऊ किलोमीटर फार जाणवतात. त्यामुळे रंग, पुट्टी, फायबर सगळ्यात हात राखून.

पंखाच्या बाबतीत मात्र स्केलचा हट्ट सोड. खऱ्या विमानाचा एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, एवढ्या लहान मॉडेलला चालत नाही, आरजी-१५ किंवा एसडी-६०६० घे, दोन्ही डोंगरउतारावरच्या उडवण्यात घासूनपुसून सिद्ध झालेले आहेत. आरजी-१५ पातळ, जाडी ९ टक्क्याच्या जवळ, वेग छान धरतो. एसडी-६०६० थोडा जाड, बांधायला सोपा आणि हळू उडताना माफ करणारा, पहिल्यासाठी मी तोच म्हणेन. पंखाचं टोक ड्रॉइंगपेक्षा बोटभर रुंद ठेव आणि मुळापासून टोकाकडे दीड-दोन अंश खाली पीळ दे, म्हणजे टोक आधी स्टॉल होऊन विमान कुशीवर पडणार नाही. लांबून कुणाला कळतही नाही. इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा जायची तोंडं, उघडे ठेवू नकोस, भरून काळा रंग मार. रडरची, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूची, गरज नाही, एलेरॉन आणि एलिव्हेटर पुरे.

मिरजेचा_फोमवाला

वरच्या दादांनी हवेचं सगळं सांगितलंय, मी बांधणीचं सांगतो, माझा तोच नाद आहे.

बाल्सा सगळा नको, फक्त शेपटीला आणि एलेरॉनला घे, तिथे मात्र कंजूषी करू नकोस. कारण शेपटीत वाढलेल्या वजनाला तोलायला नाकात त्याहून जास्त शिसं टाकावं लागतं, हात लांब असतो ना तिकडचा. म्हणजे शेपूट जड झाली की तू दोनदा वजन भरतोस. निवडून हलकी पट्टी घे, दुकानात वजनकाट्यावर ठेवून बघ, एकाच मापाच्या दोन पट्ट्यांत दुपटीचा फरक असतो.

पंखाला पॅकिंगचं पांढरं थर्माकोल चालेल पण बारीक दाण्याचं आणि घट्ट बघून घे, टीव्हीच्या खोक्यातलं भुसभुशीत नको. त्याच्यापेक्षा भारी म्हणजे एक्सपीएस, ती निळी-गुलाबी इन्सुलेशनची शीट. आमच्याकडे तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत, इन्सुलेशनची कामं करणाऱ्यांकडे तुकडे उरतात, मागितले की बहुतेक वेळा मिळून जातात. साताऱ्यातपण कुणी टेरेसचं वॉटरप्रूफिंग-इन्सुलेशन करत असेल तर विचार.

कापायला हॉट वायर. निक्रोम तार इस्त्री-गिझर दुरुस्तीवाल्याकडे मिळते, लाकडाच्या धनुष्याला ताणून लाव आणि १२ व्होल्टच्या सप्लायवर चालव, थेट घरच्या लाइनला अजिबात जोडायची नाही. तार लाल होऊ द्यायची नाही, फोममधून निवांत सरकेल एवढीच गरम, लाल तारेने खड्डे पडतात. टेम्प्लेट सनमायकाचं कर, सुताराकडे तुकडे पडलेले असतात, कड पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत कर की नख फिरवलं तर कुठे अडकलं नाही पाहिजे, कारण तार तिथेच अडकते आणि पंखावर तिथेच उभी रेघ येते. टेम्प्लेटवर मुळापासून टोकापर्यंत सारख्या भागांचे आकडे टाक, दोघांनी दोन्ही बाजूंनी आकडे मोठ्याने म्हणत तार ओढायची, एकट्याने निमुळता पंख सरळ येत नाही. वितळताना धूर निघतो तो चांगला नसतो, अंगणात कर.

स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या आडव्या कण्याला, ८ मिलिमीटरची कार्बन ट्यूब. बजेट नसेल तर वरखाली पंखाच्या जाडीत बसवलेल्या कळकाच्या कामट्या, आकाशकंदिलाला वापरतो तसल्या पण जून कळकाच्या, एवढ्या आकाराला त्या खरंच पुरतात. मग वरून ब्राऊन पेपर. पेपर पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून फोमला लावायचा, पेपर चढवायचा आणि हाताने मधून कडेला हवा काढत जायची. वाळताना तो ताणला जातो आणि टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजतो, तेव्हा समजायचं जमलं. दोन्ही बाजू एकाच बैठकीत कर नाहीतर पंख वाकतो, आणि वाळेपर्यंत कापलेल्या फोमच्या कवचात ठेवून वर पुस्तकांचं वजन ठेव, दादा म्हणाले तो पीळ तिथेच बसवायचा. तो पिवळा रबर सोल्युशनचा गम आणि स्प्रे पेंटचा डबा फोमजवळ आणू नकोस, दोन्ही थर्माकोल खातात. पेपरवर वॉटरबेस रंग ब्रशने किंवा स्पंजने.

बॉडीला मधोमध ३ मिलिमीटर प्लायचा उभा कणा आणि दोन्ही बाजूला फोमचे अर्धे, आधी ढोबळ कापून मग पॉलिश पेपरने आकार. नाकात सर्वो-बॅटरीची जागा आधी कोरून घे, नंतर कोरायला गेलं की कणा कमकुवत होतो. पोटाला खालून बारीक ग्लास कापड आणि इपॉक्सीचा एक थर, नाकापासून पंखाच्या मागेपर्यंतच, पुढे शेपटीकडे नको. जांभ्यावर घासलं तर तेवढं पुरतं, वरून रुंद फायबर टेप लावली की दर वेळी टेपच बदलायची.

कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, हा माझा आवडीचा भाग. किरणची कॅनॉपी रुंद फुगीर आहे. लाकडाचा साचा घासून अगदी गुळगुळीत कर, २ लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा बूड कापून साचा आत सरकव, मागून पाचर ठोकून ताण आण आणि हीट गनने सावकाश फिरव, बाटली आकसून साच्याला चिकटते. एकाच जागी गन धरली की पांढरी पडते. आत दोन डोकी शेजारी शेजारी बसव, चुलत्यांना दाखव, बघ काय म्हणतात.

नाकातलं शिसं टायरवाल्याकडे मिळतं, बॅलन्सिंगचं, ५-१० ग्रॅमच्या पट्ट्या मागून चिकटच असतात.

पठारवेडा

विमानातलं मला कळत नाही, पण त्या पठारावर मी उन्हाळ्यात सरडे बघायला जातो म्हणून लिहितोय, कृपया मनावर घ्या.

तुम्हाला जो हंगाम पाहिजे, मार्च ते मे, दुपारनंतर पश्चिमेचा वारा, तोच तिथल्या सरड्यांचा विणीचा हंगाम आहे. गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा उघडणारा जो सरडा आहे, सरडा सुपर्बा, त्याचं शास्त्रीय वर्णन २०१६ मध्ये याच चाळकेवाडीच्या पठारावरून झालं. नर ज्या दगडावर चढून गळा फुलवतो तो दगड त्याच्यासाठी घराइतका महत्त्वाचा असतो. तेव्हा पिशव्या-कागद उडू नयेत म्हणून दगड उचलून ठेवणं, उतरायला पट्टी साफ करायची म्हणून दगड बाजूला करणं, हे काही करू नका. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. उतरायची एक जागा ठरवा आणि तीच वापरा. पावसाळ्यानंतर फुलांच्या दिवसांत तर पठारावर पाऊलच नको, आणि कास तर पूर्णच सोडा, तो जागतिक वारशाचा भाग आहे, तिथे हा विषयच काढायचा नाही. कोयना अभयारण्याची हद्दही जवळ आहे, कुठे संपते कुठे सुरू होते ते वनखात्याला विचारून घ्या. बऱ्याच जमिनी खासगी किंवा पवनचक्की कंपन्यांच्या आहेत, गावात आधी बोला, लोक चांगले आहेत, विचारलं की नाही म्हणत नाहीत.

मिग असो की किरण, घार किंवा ससाणा आला की विमान बाजूला घ्या. तिथे ते आधीच कमी राहिलेत.

कडा_आणि_वारा

पठारवेडा, शंभर टक्के मान्य. उलट हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं असं आहे.

नियमाचंही सांगून ठेवतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेलं येतात, छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायची. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे का ते जायच्या आधी बघायचं, हिरव्यातही जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतच. कराडची धावपट्टी आहे, कोयना धरण आहे, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. पाचगणीच्या बाजूला पॅराग्लायडर असतात, माणूस हवेत असेल तिथे आपलं विमान नाही.

कृष्णाकाठ_विमान

काय लिहिलंय राव सगळ्यांनी, चुलत्यांना वाचून दाखवलं, ते लगेच कागद घेऊन किरणच्या पॅनल लाइन काढत बसले. मिगचा विषय संपला, किरण नक्की. पठारवेडा सर, दगडाला हात लागणार नाही.

आता फक्त दोन गोष्टी. किरणचा पंख खाली आहे म्हणजे पोटाला धरायला जागा नाही, मग फेकायचं कसं, मोटर नाही म्हणजे फेक चुकली तर सावरायला काही नाही. आणि कड्यामागे रोटर असतो म्हणता तर मग उतरायचं कुठे?

कडा_आणि_वारा

पंखाच्या मागे, पोटाखाली, बोटं बसतील एवढ्या जागी खरखरीत पॉलिश पेपरच्या दोन पट्ट्या चिकटव, घाम आला तरी हात सटकत नाही. फेकणारा दुसरा माणूस पाहिजे, तुझे दोन्ही हात स्टिकवर. त्याने वाऱ्याकडे तोंड करून, पंख सपाट, नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून जोरात सरळ ढकलायचं, भाला फेकतात तसं. वर नाही फेकायचं, हे त्याला तीनदा सांग, नवीन माणूस हमखास वरच फेकतो आणि विमान तिथेच वेग सोडतं. कडा समोर आहे म्हणजे खाली भरपूर हवा आहे, पहिले काही सेकंद नाक खालीच राहू दे, वेग येऊ दे, मग अलगद सपाट कर. फेकायच्या आधी रेंज चेक आणि एलेरॉन कुठल्या बाजूला हलतो ते रोज बघायचं, नुसतं हलतंय म्हणून समाधान मानायचं नाही.

सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे विमान जिथे तोलून राहतं तो बिंदू, पंखाच्या सरासरी कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) २५ टक्क्यावर ठेवून सुरू कर, सरळ पंखाला ते सुरक्षित आहे, नंतर आवडीप्रमाणे मिलिमीटर-मिलिमीटर मागे ने. कड्यावर जायच्या आधी मिरजेजवळच्या दांडोबासारख्या बसक्या डोंगराच्या उतारावर, तिथल्या वनखात्याला विचारून, गवतात दहा-वीस मीटरच्या सरळ फेकी करून ट्रिम बसवून घे, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल. पहिल्या दिवशी ताशी २५ ते ३५ किलोमीटरचा वारा पाहिजे. त्याच्या खाली आला तर बॅग उघडूच नको, चहा पिऊन परत ये.

हवेत गेल्यावर कड्याला समांतर जा, आणि प्रत्येक वळण बाहेरच्या बाजूला, दरीकडे. डोंगराकडे वळलास की वारा पाठीमागून लागतो, जमिनीवरचा वेग एकदम वाढतो आणि कडा अंगावर येते. आडवं आठच्या आकारात फिरत राहा. जोरदार वाऱ्यात विमान पुढे सरकत नसेल तर आत बरोबर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीवर शिसं ठेवायची एक नळी आधीच करून ठेव, १५०-२०० ग्रॅम टाकलं की वाऱ्यात घुसतं.

पोटाला गडद रंग दे, पांढरं पोट आकाशात हरवतं. सूर्यकिरणचा लाल-पांढरा केलास तर खालून लाल.

उतरायचं. उभ्या कड्याच्या लगेच मागे कधीच नाही. तिथली हवा खाली ढकलते आणि एका क्षणी वाराच गायब होतो. म्हणून मी आधी खांद्यासारखी गोलसर जागा शोध म्हणालो. तशा जागी लिफ्टच्या पट्ट्याच्या एका टोकाला जायचं, जिथे उतार बाजूला वळतो आणि लिफ्ट आपोआप कमी होते, दोन्ही एलेरॉन थोडे वर उचलायचे, दोन्ही एकदम उचलायचं मिक्सिंग ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, घालून स्विचवर ठेव, म्हणजे विमान तरंगत न बसता खाली बसतं. मग उताराच्या दिशेने वर, वाऱ्याला तिरकं येऊन, गवतावर पोट टेकवायचं. चढावर उतरत असल्यामुळे वेग आपोआप मरतो. उंची जास्त वाटली तर जबरदस्ती करू नको, परत दरीकडे वळ आणि पुन्हा एक फेरी मार, वारा आहे तोपर्यंत इंधन संपत नाही. सूर्य पश्चिमेला असतो, संध्याकाळी तो थेट डोळ्यात येतो, साडेपाचनंतर त्या बाजूला विमान क्षणभर दिसेनासं होतं, तेव्हा चारच्या सुमाराला सुरू करून ऊन तिरपं व्हायच्या आत आटप. आणि ढग कड्यावरून वर यायला लागले, मेच्या शेवटाला येतात, की असेल तिथून लगेच उतरव, धुकं पठारावर पसरायला काही मिनिटं लागतात.

मिरजेचा_फोमवाला

एसडी-६०६० चे सनमायकाचे टेम्प्लेट माझ्याकडे तयार आहेत, मूळ २३ आणि टोक १५ सेंमीचे, तुझ्या ११९ विस्ताराला थोडे कमी पडतील, मुळाचा २५ चा करून टोक १५ च ठेवलं तर क्षेत्रफळ बरोबर साडेतेवीसच्या जवळ बसतं. चुलत्यांना घेऊन मिरजेला ये, दोघं मिळून एका दुपारी दोन्ही पंख कापू. एक्सपीएसचे तुकडे बाजूला काढून ठेवतो, येताना फक्त कार्बन ट्यूब आण, ती इकडे मिळत नाही.